उचला की, ओढताय काय!

घरात कार्यक्रम ठरला की माझ्या पोटात गोळा येतो. खर्चाचा नाही, लॉनचा. विश्रामबागेत बंगल्यापुढं एवढीशी हिरवळ राखायची म्हणजे काय ताप असतो ते राखणाऱ्यालाच ठाऊक. खाली आपली काळी चिकण माती, तिच्यावर विकत आणून पसरलेली लाल माती, तिच्यावर मेक्सिकन गवत. आणि भाचीच्या डोहाळजेवणाला मांडववाल्याची पोरं येतात काय, ग्रॅनाइटच्या टेबलाला हात घालतात काय आणि खर्रर्र करत ते पार कुंपणापर्यंत फरफटत नेतात काय! मी बोंबलतोय, "अरे उचला, उचला!" तर त्यातला एक शहाणा म्हणतो, "काका, गवतच हाय, उगवतंय की परत."

उगवतंय म्हणे! तू येणार आहेस का पाणी मारायला?

अरे, सहा बाय दोन फुटांची, 20 मिलिमीटर जाडीची ती फरशीच 60 किलोच्या घरात जाते. लोखंडी सांगाडा वेगळा. एवढं वजन चार बारक्या चौकोनी पाइपांच्या टोकांवर, त्यात परतीच्या पावसानं जमीन भिजलेली. पाय रुतणारच, आणि रुतलेले पाय ओढले की गवत मुळासकट सोलून निघणारच. लॉनवर नांगरट झालीये नुसती! हे गवत हरळीसारखं भराभर पसरणारं नव्हे. आता थंडीत तर ते ढिम्म हलायचं नाही.

बरं, यात फार अक्कल लागते असंही नाही. फरशी सांगाड्यावर नुसती ठेवलेली असते. ती आधी काढायची आणि दोघांनी उभी धरून न्यायची, कारण आडवी नेली तर मधोमध तडकते. मग उरलेला सांगाडा दोन पोरं हसत नेतात. बाकडं बिडाचं आहे, ते खरंच जड. त्याच्यासाठी मी मुद्दाम प्लायवूडचे तुकडे काढून ठेवले होते. ते अंथरायचे, वर गोणपाट टाकून बाकडं सरकवायचं, मागचा तुकडा उचलून पुढं घालायचा. वजन पसरतं, जमीन दबत नाही. पण त्या प्लायवर कुणीतरी पाण्याचे जार मांडून ठेवले! बाकडं तसंच ओढलं, वर शेवटी धाडकन आपटलं. बीड ठिसूळ असतं रे बाबांनो, एक पाय मोडला असता तर वेल्डिंगवाल्यानंही हात जोडले असते.

आणि आमचे दाजी! हात पाठीमागं बांधून उभे. "जरा डावीकडं घ्या... नको, फोटोत ऊन येतंय, परत उजवीकडं." एकदा तरी हात लावा की!

आता चरीच्या कडेनं पहार घालून दबलेली माती खालून सैल करा, वाळू-शेणखत भरा, गवताचे तुकडे आणून लावा. कंबर माझी, पैसेही माझेच. सकाळी माळी आला, कमरेवर हात ठेवून चरी बघितल्या आणि मलाच म्हणतो, "साहेब, सरळ पेव्हिंग ब्लॉक का टाकून घेत नाही?"

त्याला चहासुद्धा विचारला नाही मी.