कितवीत आहे मुलगा?

चाळिशी उलटलेल्या माणसाने पाव किलो पेढे मागितले तर कोणी वळून बघत नाही. त्याच माणसाने "श्रीखंडाच्या गोळ्या आहेत का हो?" असं विचारलं की दुकानदार आधी त्याच्या मागे बघतो. मागे पोर असायला हवं. ते नसतं. मग प्रश्न येतो, "कितवीत आहे मुलगा?" मी ठोकून देतो, "तिसरीत." आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता, त्या काळातही माझा हा मुलगा तिसरीतून हलला नाही. परवा बायको बरोबर होती. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "वहिनी, यंदा तरी वर चढला का?" ती शांतपणे म्हणाली, "नाही हो. वडिलांवर गेलाय."

पूर्वी बरी सोय होती. वाणी सुट्ट्या रुपयाऐवजी दोन गोळ्या टेकवायचा आणि मी कपाळाला आठ्या घालून त्या खिशात टाकायचो. यूपीआय आलं आणि 47 रुपये म्हणजे बरोब्बर 47 जायला लागले. देश पुढे गेला, माझा खिसा कोरडा पडला.

रावळगावची गोळी म्हणजे तर आमचं दैवत. मालेगावजवळच्या त्या गावात वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला आणि 1942 पासून तिथे गोळ्याही व्हायला लागल्या. पान पसंद, मँगो मूड ही तिथलीच लेकरं. 2024 मध्ये हे सगळे ब्रँड रिलायन्सच्या कंपनीने 27 कोटींना घेतले. मुंबईत दोन-चार बऱ्या फ्लॅटांची किंमत! मी फ्लॅट सोडून गोळ्याच घेतल्या असत्या. दोन्हीही परवडत नाहीत, हा तपशील सोडा.

जुनी, सुटी लिमलेटची गोळी मिळालीच तर पावसाळ्यात मिळते. दीडशे अंशांपर्यंत पाक तापवून त्यातलं पाणी जवळजवळ सगळं उडवलेलं असतं, त्यामुळे ती हवेतला ओलावा अधाशासारखी ओढते आणि कागदाला घट्ट बिलगते. नखाने खरवडावं तर कागदाची एक लांबट चिंधी मधोमध राहतेच. जाणकार माणूस ती चिंधी काढत नाही. कागदासकट गोळी गालात सरकवतो आणि थोड्या वेळाने कागद तेवढा चतुराईने बाहेर काढतो. संत्र्याच्या फोडीच्या आकाराची असेल तर तिची कड टाळू सोलून काढते. काढू दे.

घात केला तो मालवणी खाजाने. कोकणातल्या जत्रेतून मेव्हण्याने आणलेला. बेसनाची कांडी, वर आलं घातलेल्या गुळाचा जाड थर. पहिल्या घासाला गूळ हरला, दुसऱ्याला दाढेतलं सिमेंट.

"पंधरा दिवस कडक काही खायचं नाही," दाताचे डॉक्टर म्हणाले.

"म्हातारीचे केस चालतील ना? ते कुठे चावावे लागतात!"

उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनी माझ्या तोंडात कापूस कोंबला.