पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असला, की पुरे?

सुट्ट्या जवळ आल्या की हा संदेश पुन्हा फिरू लागतो : ‘परदेशात पासपोर्ट घेऊन हिंडू नका, हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवा. मोबाइलमध्ये फोटो पुरतो. पासपोर्ट खिशात असेल तर चोर लांबूनच त्याची चिप वाचतात. हरवलाच तर दूतावास तासाभरात नवा देतो, आणि जुना सापडला तर तोच वापरा. पोलिसांनी पकडलं तरी दूतावास सोडवतो.’ पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण पहिल्यांदा परदेशी निघालेला माणूस यावर विसंबला तर अडकेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फोटो पुरतो.’ हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. जपानमध्ये पर्यटकाने मूळ पासपोर्ट कायम जवळ बाळगणं बंधनकारक आहे. नसेल तर १ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. काही देशांत रस्त्यावरच्या तपासणीला छायाप्रत चालून जाते. निघण्याआधी त्या देशाचा नियम पाहायचा आणि त्यानुसार पासपोर्ट जवळ ठेवायचा की खोलीवर, हे ठरवायचं. सीमेवर आणि आंतरराष्ट्रीय विमानात मात्र फोटोवर विसंबून चालत नाही.

‘चोर लांबून चिप वाचतात.’ या ओळीने लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि खरा धोका नजरेआड राहतो. पासपोर्टमधली चिप जेमतेम काही सेंटिमीटरवरून वाचता यावी अशी बनवलेली असते. शिवाय तिला कुलूप असतं. त्याची किल्ली पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांतून तयार होते. ही माहिती फोटोच्या पानावर तळाशी, ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळींत छापलेली असते. इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट उघडून यंत्रावर ठेवतो तो आधी या ओळी वाचण्यासाठीच. त्यानंतर चिप उघडते. बंद पासपोर्ट खिशात असताना शेजारून जाणाऱ्याला या ओळी दिसतच नाहीत.

त्या दिसतात कुठे? फोटोत. तुम्ही चॅटवर हॉटेलला पाठवलेल्या, गॅलरीत पडून असलेल्या, आपोआप क्लाउडवर चढलेल्या फोटोत. आणि ज्याच्या हाती तो फोटो आला, त्याला चिपची गरजच काय? नाव, क्रमांक, जन्मतारीख, चेहरा, सगळं त्यात आहे. दुसऱ्याच्या नावाने व्यवहार करू पाहणाऱ्याला तेवढं पुष्कळ होतं. म्हणजे संदेश ज्याला सुरक्षित म्हणतो, तीच गोष्ट सांभाळायला हवी. फोटो जरूर काढा, पण पासवर्डच्या फोल्डरमध्ये ठेवा. एक कागदी प्रत वेगळ्या बॅगेत, एक घरच्या विश्वासू माणसाकडे. कुणाला प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा : कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. विमानतळावर उघड्या पासपोर्टचा फोटो टाकू नका, बोर्डिंग पासचाही नको. त्यावरचं आडनाव आणि बुकिंग क्रमांक वापरून अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तुमचं तिकीट उघडतं.

‘लॉकरमध्ये ठेवा.’ कायदा मुभा देत असेल तर ठेवा. मात्र पाहुणे कोड विसरतात म्हणून हे लॉकर उघडण्याची सोय हॉटेलकडेही असते, हे लक्षात असू द्या. त्याहून मोठा धोका निघताना पासपोर्ट विसरण्याचा. त्याच्यासोबत फोनचा चार्जर ठेवा, निघण्याआधी तो शोधावाच लागतो. नोंदणीसाठी हॉटेलवाल्याने पासपोर्ट मागणं अनेक देशांत रीतसर आहे. नोंद झाली की लगेच परत घ्या. भाड्याच्या स्कूटरसाठी तारण म्हणून मूळ पासपोर्ट कुणी मागत असेल, तर दुसरा दुकानदार शोधा.

‘दूतावास तासाभरात नवा देतो.’ आधी पोलिसांत तक्रार, मग अर्ज, फोटो, ओळखीची पडताळणी. मध्ये शनिवार-रविवार आला तर कार्यालयं बहुधा बंद. घाई असेल तर बऱ्याचदा मिळतो तो तात्पुरता कागद, मायदेशी परतण्यापुरता. पुढच्या देशाचा बेत तिथेच संपतो. जुन्या पासपोर्टबरोबर व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्काही गेलेला असतो, त्यामुळे काही ठिकाणी बाहेर पडायला तिथल्या इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागते. दूतावासाचा तातडीचा क्रमांक कागदावरही लिहून ठेवा, कारण पासपोर्ट आणि फोन पुष्कळदा एकाच पिशवीतून जातात.

‘दूतावास सोडवतो.’ नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, अटक झाल्यावर तुम्ही मागणी केलीत तर तुमच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवणं त्या देशावर बंधनकारक आहे. अधिकारी भेटू शकतात, वकील मिळवायला मदत करू शकतात. कायदा मात्र तिथलाच चालतो. तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत करा.

‘जुना सापडला तर वापरा.’ हे सर्वांत घातक. हरवल्याची तक्रार झाली की तो पासपोर्ट रद्द होतो, आणि देणारा देश त्याची नोंद इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरीच्या प्रवास कागदपत्रांच्या यादीत करू शकतो. ही यादी २००२ पासून आहे आणि देशोदेशींच्या सीमांवर तपासली जाते. तो दाखवून तुम्ही स्वतःच्याच पासपोर्टवर थांबवले जाल. चोरी झाल्याचं दिसत असेल तर तक्रारीला क्षणाचाही उशीर नको. नुसता सापडत नसेल तर आधी बॅगा उलट्या करा, टॅक्सीवाल्याला, जेवलात त्या ठिकाणी फोन करा. तक्रारीनंतर सापडला तर दूतावासात नेऊन द्या, आणि त्यात एखादा चालू व्हिसा असेल तर त्याचं पुढे काय करायचं ते व्हिसा देणाऱ्या देशाच्या कार्यालयाला विचारा.