“पर्यटन कर म्हणजे लूट” – मामा, फॉरवर्ड करायच्या आधी वाचायचं तरी ना!

“पर्यटन कर म्हणजे पर्यटकांची लूट, ५ कारणं” हा मेसेज गेले दोन आठवडे फिरतोय. मला तीनदा आला, तीनदा सोडून दिला. काल मामाने फॅमिली ग्रुपवर टाकला, वर स्वतःचं “आता कळलं का पैसे कुठे जातात” जोडून, आणि खाली लगेच चार अंगठे. फोन करून बोलले तर म्हणे लिहून पाठव. घे.

१. “कर लावला की पर्यटक पळतात, गावाचा धंदा बसतो.” स्पेनच्या बालेआरिक बेटांवर, म्हणजे मायोर्का, इबिझा वगैरे, जुलै २०१६ पासून मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे कर आहे, २०१८ मध्ये तो दुप्पट केला. पर्यटक पळाले? २०२४ मध्ये मायोर्कातले लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले ते पर्यटक कमी करा म्हणून! व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना ५ युरो लावले, तर तिथल्या लोकांची तक्रार की एवढ्याने गर्दी हटतच नाही. आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते, भूतानने २०२२ मध्ये रोजची फी ६५ डॉलरवरून थेट २०० केली आणि वर्षभरातच १०० वर आणावी लागली. म्हणजे अती केलं तर फटका बसतो. पण “अती करू नका” आणि “लावूच नका” यात फरक आहे की नाही?

२. “सगळा पैसा नेत्यांच्या खिशात.” काही ठिकाणी जातही असेल, मी कुणाची वकिली करत नाहीये. कर सरकारच्या मोठ्या तिजोरीत पडला की गावाला त्याचं तोंडही दिसत नाही, हे खरंय. म्हणून तर वाटणी कायद्यात लिहून घ्यायची असते. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांसाठी १९९८ मध्ये खास कायदा झाला, त्यात प्रवेश फीमधला कोणाला किती वाटा ते लिहिलेलं होतं, ४० टक्के राष्ट्रीय उद्यानाला, शिवाय नगरपालिकांचा वेगळा.

३. आता हा मुद्दा, ज्याच्यामुळे माझं डोकं सणकलं. “जंगल आणि प्राणी हजारो वर्षं फुकट जगले, त्यांना पैसा कशाला लागतो?” अरे, हजारो वर्षं तिथे माणसांची रांग नव्हती ना लागलेली!

माउंटन गोरिला बघ. रवांडा, युगांडा आणि काँगो, एवढ्याच तीन देशांत उरलेत. १९८० च्या दशकात या तीन देशांच्या सीमेवरच्या विरुंगाच्या डोंगरांत जेमतेम अडीचशे होते. शिकारी फास लावतात हरणांसाठी, अडकतो गोरिला. माणसाची साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. मग रोज प्रत्येक कळपामागे चालणारे ट्रॅकर लागतात, फास शोधून काढणारे रक्षक लागतात, जंगलात जाऊन औषध देणारे डॉक्टर लागतात (डॉक्टरांचा खर्च बराचसा देणग्यांवर चालतो, पण देणगी देणारे तरी कोण, बहुतेक बाहेरचेच). हे लोक पगाराशिवाय डोंगर चढणार का? रवांडात २०१७ पासून एका परदेशी माणसाचं गोरिला बघायचं परमिट १,५०० डॉलर आहे, भेट एक तासाची. उद्यानांच्या एकूण कमाईतला ५ टक्के वाटा २००५ पासून आजूबाजूच्या गावांना मिळायचा, २०१७ मध्ये तो १० टक्के झाला, त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या झाल्या. जंगल राहिलं तर आपला फायदा, हे गावाला कळायला असं काहीतरी हातात पडावं लागतं. परिणाम? नोव्हेंबर २०१८ मध्ये आययूसीएनने, म्हणजे कुठला प्राणी किती धोक्यात ते ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, हा गोरिला “अतिसंकटग्रस्त” यादीतून काढून एक पायरी खालच्या धोक्यात टाकला, आणि २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेला आकडा १,०६३.

उलटं काय होतं तेही बघितलंय. २०२० मध्ये कोविडने पर्यटन ठप्प झालं, आणि जूनमध्ये युगांडाच्या ब्विंडी जंगलात राफिकी नावाचा पर्यटकांच्या ओळखीचा नर गोरिला शिकाऱ्याच्या भाल्याने मेला. केवळ पैसे थांबले म्हणून मेला असं मी म्हणत नाही, शिकारी आधीही होतेच, पण लॉकडाउनमध्ये शिकार वाढली हे तिथल्या वन्यजीव खात्यानेच सांगितलं होतं. “फुकट जगतात” म्हणे!

४. “गरिबाने फिरायचंच नाही का?” प्रश्न बरोबर आहे. १,५०० डॉलर मलाही या जन्मात परवडणार नाहीत. पण दर वेगवेगळे ठेवता येतात, गालापागोसला ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांना २०० डॉलर, इक्वेडोरच्या माणसाला ३०.

५. “हॉटेलचं बिल भरतो तेच पुरे.” हॉटेलचं बिल हॉटेलवाल्याला मिळतं. पुढे काय लिहू यावर.

आणि मेसेजच्या शेवटी जी टिप आहे ना, “गेटवर आम्ही इथलेच आहोत सांगा, फी वाचते”, ती तेवढी डिलीट कर मामा. स्थानिकांना सूट ठेवली की चार लोक असं खोटं बोलतात, मग ओळखपत्र दाखवत उभं राहावं लागतं ते तिथेच जन्मलेल्या माणसाला.

मामाचा रिप्लाय आत्ताच आला. “बरं. पण माकडांना डॉक्टर?” गोरिला माकड नाहीये मामा.