नदी घाट चढत नाही

'सायकल घेतलीये, पुण्याजवळचा एखादा सोपा रूट सांग ना.' गेल्या महिन्याभरात चौघींनी हा मेसेज केला. चौघींना वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा इथेच लिहिते. लांबलचक होणार आहे, कारण या 'सोपा' शब्दावर माझा जुना राग आहे.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या 43व्या वर्षी मी सायकल घेतली. शाळा सुटल्यावर पॅडलला पाय लावला नव्हता. आठवड्याभरात एका ग्रुपवर रविवारचा मेसेज आला, 'ईझी राइड, बिगिनर्स वेलकम, पिरंगुट अँड बॅक.' मी कोथरूडला राहते. नकाशावर पाहिलं तर एका बाजूचं अंतर पंधराच्या आतच. म्हटलं, हे तर जमेल.

चांदणी चौकाच्या चढालाच तोंडाला फेस आला. पुढे भूगाव, भुकूम कसंबसं पार केलं आणि पिरंगुटचा घाट लागला. तो उतरताना जाम मजा आली, वारा कानात शिरत होता, आणि तेव्हा डोक्यात हे आलंच नाही की आत्ता उतरतोय तो घाट येताना चढायचाय. परतीच्या वाटेवर मी सायकल हातात धरून चालत होते, मागून टेम्पोवाला हॉर्न देत होता, आणि वर ग्रुपची मंडळी सेल्फी काढत थांबली होती. 'गिअर टाका ना मॅडम!' एकाने वरून ओरडून सांगितलं. अरे बाबा, कुठला गिअर?

त्यानंतर दोन महिने सायकल बाल्कनीत होती. हँडलवर टॉवेल चांगले वाळायचे.

ती खाली आणली शेजारच्या काकांमुळे. काकांनी तीस-बत्तीस वर्षं शनिवार पेठेतून खडकीला कामाला जाऊन-येऊन सायकल हाणली आहे, तीही बिनगिअरची. जिन्यात गाठ पडली तेव्हा मी पिरंगुटची कर्मकहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तुला डोंगर ओलांडायला कुणी सांगितलं होतं? नदीच्या सोबतीनं जा की. नदी काही घाट चढत नाही."

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं, तेव्हा काका पंधरा वर्षांचे होते. पुण्यात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे त्यांना कुठलंही अॅप न उघडता माहीत आहे.

त्यांचं बोलणं घेऊन मी नकाशासमोर बसले आणि पहिल्यांदा पुणं मला सायकलच्या सीटवरून दिसलं. चांदणी चौक चढलो की आपण मुठेच्या बाजूकडून रामनदीच्या बाजूला उतरतो. पिरंगुटचा घाट म्हणजे रामनदीकडून मुळेच्या खोऱ्यात. म्हणजे त्या 'ईझी राइड'मध्ये मी दोन खिंडी जाताना आणि त्याच दोन येताना ओलांडल्या होत्या! दक्षिणेला तर विचारूच नका. कात्रज ओलांडला की शिवगंगेचं खोरं, बोपदेव किंवा दिवे घाट ओलांडला की कऱ्हेचं. नवख्या माणसाला तिकडे नेणं म्हणजे पोहायला शिकवायचं म्हणून थेट विहिरीत ढकलणं. काही जण त्यातूनही शिकतात, नाही असं नाही. पण जे सायकल ओएलएक्सवर टाकून मोकळे होतात, ते परत काही बोलायला येत नाहीत.

तेव्हा माझं उत्तर एकच. आधी खडकवासला, सिंहगड रस्त्याने. हो, तोच ट्रॅफिकसाठी बदनाम असलेला सिंहगड रस्ता.

राजाराम पुलापासून धरण बारा-तेरा किलोमीटर. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आणि धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी 582च्या आसपास. एवढ्या अंतरात चढ किती, तर सात मजली इमारतीएवढा. मधे उंचवटे आहेत, धरणाजवळ थोडा दम लागतो, पण सायकल हातात घ्यावी लागत नाही. धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, कुठूनही मागे वळता येतं, आणि वळलं की घर उताराच्या दिशेला असतं. थकवा येतो तो परतीला, आणि नेमका तेव्हाच रस्ता मदत करतो. अंतर किती यापेक्षा मी हल्ली हेच आधी बघते.

वाऱ्याचंही तेच. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्यात तर दिवसभर वारा पश्चिमेकडून येतो. खडकवासला पुण्याच्या पश्चिमेच्या बाजूला, म्हणून जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. याच्या उलट केलेला शहाणपणा मी भोगला आहे. श्रावणात एकदा मांजरी-कोलवडीकडून थेऊरच्या चिंतामणीला गेले. जाताना सायकल अशी पळत होती की मला वाटलं, आपण फारच फिट झालो बुवा. दर्शन घेतलं, पेढा खाल्ला आणि सायकल वळवली तेव्हा कळलं की इतका वेळ पॅडल वारा मारत होता. सपाट रस्त्यावर सगळ्यात हलका गिअर टाकून, मान खाली घालून दोन तास. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, 'चिंतामणी काय म्हणाला?' मी काहीच म्हणाले नाही, आंघोळीला गेले.

एक गोष्ट मात्र पश्चिमेच्या रूटची वाईट. सकाळी परतताना सूर्य बरोबर डोळ्यांवर असतो. हेल्मेटच्या खाली पुढे चोच असलेली पातळ टोपी घाला. आणि मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालूच ठेवा, कारण तुमच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांवर तोच सूर्य असतो.

वेळ म्हणाल तर पावणेसहा, आणि वार शक्यतो रविवार सोडून. रविवारी पहाटेपासून सिंहगडाकडे गाड्यांची रांग लागते, आणि पावसाळ्यात धरणाच्या चौपाटीवर कणीस-भजीवाल्यांपुढे जो काही गोंधळ असतो त्यात सायकल घालू नये. शनिवारी सकाळी तोच रस्ता वेगळा असतो. दूधवाले, पेपरवाले, शटर उघडण्याआधी चिकनच्या दुकानापुढे बसलेली चार-पाच कुत्री. ही कुत्री वेगाला भुंकतात. पॅडल थांबवायचं, जमलं तर खाली उतरायचं आणि सायकल आपल्या आणि त्यांच्या मधे ठेवून चालायचं. दहा पावलांत त्यांचा इंटरेस्ट संपतो.

आणि साइडपट्टी. नवीन माणूस घाबरून रस्त्याच्या अगदी कडेला चिकटतो, तिथेच पडतो. डांबर जिथे संपतं आणि मुरूम सुरू होतो तिथे बऱ्याच ठिकाणी चार बोटांची पायरी असते. पुढचं चाक तिच्यावरून खाली घसरलं आणि घाईघाईत तिरकं वर घ्यायला गेलात की सायकल आडवी. माझ्या उजव्या कोपरावरची खूण त्याचीच. डांबराच्या कडेपासून हातभर आत चालवा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. त्याला तुम्ही दिसलात एवढाच त्याचा अर्थ.

धरणापर्यंत चार-पाच वेळा झालं की पुढे जा. डोणजे फाट्याला गडावर जाणारी गर्दी डावीकडे वळते आणि पानशेतचा रस्ता एकदम शांत होतो. उजव्या हाताला पाणी, गोऱ्हे, मग खानापूर. खानापूरला चहा घ्यायचा आणि मागे फिरायचं. गडाकडे वळायचा मोह होईल, कारण ज्याच्या त्याच्या स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या अॅपवर, सिंहगड असतो. गोळेवाडीपासून वर सुमारे नऊ किलोमीटरचा अखंड घाट आहे. मी तो अजून केलेला नाही आणि माझं काही अडलेलं नाही. हीटमॅप बघून रूट ठरवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. लोक कुठे जातात ते त्यावर दिसतं, हाशहुश करत जातात की गाणी म्हणत ते दिसत नाही.

अगदीच सुरुवात असेल, तोल सांभाळण्यापासून, तर खडकवासलाही नको. सकाळी लवकर कॅम्पात रेसकोर्सभोवती चकरा मारा. रुंद रस्ते, झाडं, आणि कंटाळा आला की घरी. पिंपरी-चिंचवडकरांनी देहू-आळंदी बघावं. दोन्ही गावं इंद्रायणीवरची, घाट नाही. तळवड्याच्या बाजूला कंपन्यांच्या गाड्या असतात म्हणून शिफ्ट सुटायच्या वेळा टाळायच्या. एकादशीला मात्र आळंदीकडे सायकल काढू नका, रस्ता वारकऱ्यांचा असतो.

आणखी एक, जे ग्रुपवरचे पुरुष कधीच सांगत नाहीत. रूट सोपा की अवघड हे बायकांसाठी टॉयलेटवरही ठरतं. मी सुरुवातीला पाणीच प्यायचे नाही, मग पोटऱ्यांत गोळे यायचे आणि वाटायचं, आपल्याला जमत नाही. आता निघण्याआधी नकाशावर पेट्रोलपंप बघून ठेवते आणि भरपूर पाणी पिते. जमायला लागलं.

मागच्या महिन्यात ताईला घेऊन गेले. वय 58, सायकल भाचीची, पुढे बास्केटवाली, गिअर नाही. किरकटवाडी फाट्याला म्हणाली, "बास, माझं झालं." वळलो. येताना तिने नांदेड फाट्यापर्यंत जवळजवळ पॅडलच मारलं नाही, नुसती बसून, पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधून. घरी पोचल्यावर तिने पहिलं काय विचारलं, तर 'पुढच्या शनिवारी धरण दिसेल का गं?'

दिसलं. चौपाटीच्या कठड्याला सायकल टेकवून तिने डब्यातला शिरा काढला, आम्ही दोघींनी तिथेच बोटांनी खाल्ला.

तर चौघींसाठी आणि अजून कुणाला यायचं असेल त्यांच्यासाठी. येत्या शनिवारी पावणेसहाला मी आणि ताई राजाराम पुलावर उभ्या असू. ज्या फाट्याला जिला वळायचंय तिथे वळू, कुणीही 'अजून थोडंच राहिलंय' असं म्हणणार नाही. टायरमध्ये हवा घरूनच भरून या, त्या वेळी पंक्चरवाला उघडलेला नसतो.