‘होम गार्डच्या नावाखाली साधं बटण गळ्यात मारलं’: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री जेवताना मुलीने वाचून दाखवला. घास तसाच राहिला, खोटं कशाला सांगू. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही कऱ्हाडहून आलात, ‘दुसरे महायुद्ध, होम गार्ड’ अशी चिठ्ठी असलेलं पितळी बटण ६५० रुपयांना घेतलंत. पुढे पुण्यात एका जाणकाराने ते ‘जनरल सर्व्हिस’चं, म्हणजे कुठल्याही सोल्जरच्या कोटाचं आहे, असं सांगितलं. शिवाय दुकानात बटण घासून मागितलं तर आम्ही तोडून बोललो, आणि पंचवीस मिनिटं ताटकळत ठेवलं.

शेवटचं आधी संपवतो. दिवाळीच्या आधीचा शनिवार होता, दुकानात मी एकटा होतो आणि चांदीची नाणी मोडायला आलेली माणसं दारापर्यंत होती. चहासुद्धा विचारला नाही, हे साताऱ्यात शोभत नाही. माफ करा.

आता बटण. तुमच्या जाणकारांचं बरोबर आहे. चिठ्ठी चुकीची होती आणि ती माझ्याच हाताची होती. पोराने लिहिली, नोकराने लिहिली असं सांगणार नाही. फसवायला लिहिली नव्हती, पण तुमचे ६५० गेले ते गेलेच. ती चूक कशी झाली तेही सांगतो, कारण हा छंद असलेल्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते.

वाईकडच्या एका घरातून जुनी ट्रंक आली होती. आत मिलिटरीचा जाड लोकरी ओव्हरकोट, अर्धा उंदरांनी खाल्लेला, त्यावर सात बटणं शाबूत. घरचे म्हणाले, “आजोबा होमगार्डात होते.” बटणावर मुकुट दिसला, कानावर होमगार्ड पडलं, आणि मी दोन्हीची गाठ मारून मोकळा झालो. आजोबा ज्यात होते ते होमगार्ड आपल्या मुंबई प्रांताचं. ते उभं राहिलं ६ डिसेंबर १९४६ ला, म्हणजे महायुद्ध संपल्यावर. ब्रिटनचं होम गार्ड निराळं. १४ मे १९४० ला तिथले युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केलं, १७ ते ६५ वयाची माणसं ‘लोकल डिफेन्स व्हॉलंटिअर्स’ म्हणून नावं नोंदवायला लागली, जुलैमध्ये त्यांचं नाव होम गार्ड झालं, आणि ३ डिसेंबर १९४४ ला त्यांना घरी पाठवलं. वाईच्या आजोबांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आणि तो संबंध असता तरी नुसत्या बटणावरून कळला नसता. ब्रिटिश होम गार्डवाल्यांना सुरुवातीला दंडावर बांधायला पट्टी मिळाली, मग सैन्याचाच बॅटलड्रेस, म्हणजे लढाईचा गणवेश. टोपीवर आपापल्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, रेजिमेंटचा बिल्ला. होम गार्डचा माणूस ओळखायचा तो खांद्यावरच्या कापडी पट्टीवरून आणि तिच्याखालच्या काउंटीच्या अक्षरांवरून, बटालियनच्या आकड्यावरून. बटणं चारचौघांसारखी. त्यामुळे कुणी ‘होम गार्ड बटण’ म्हणून सुटं पितळी बटण पुढे केलं, तर ते कुठल्या कोटावरून उतरवलं हे आधी विचारा. मी स्वतः विचारलं नाही, म्हणून सांगतोय.

खरं तर चिठ्ठीपेक्षा मोठी चूक मी त्याआधीच केली होती. बटणं कापून घेतली आणि कोट भंगारात दिला. ओव्हरकोटाच्या आत शिवलेली कापडी चिठ्ठी असते, तिच्यावर माप, बनवणारा आणि बहुधा सालही. ती वाचायला मला दोन मिनिटं लागली असती. आपल्याकडच्या गणवेशांवर मुकुट २६ जानेवारी १९५० पर्यंत चालत होता, तेव्हा आजोबांनी युद्धातून उरलेला कोट आपल्या होमगार्डात अंगावर घातलाही असेल. पण ते सिद्ध करणारी एकच वस्तू मी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. किलोचा भाव मिळाला, बारा रुपये.

तुमच्या जाणकारांचं एक मात्र मला पटलं नाही. तुम्ही लिहिलंय, ‘राजाचा मुकुट आहे म्हणजे १९४० चं एवढं तरी नक्की, असं ते म्हणाले.’ तसं नाही. तो घुमटासारखा गोल बाकाचा मुकुट १९०१ ते १९५२ एवढा काळ चालला. एडवर्ड, जॉर्ज, सगळे त्यात आले. त्याआधीचा राणी व्हिक्टोरियाचा आणि नंतरचा राणी एलिझाबेथचा मुकुट वेगळा. त्या दोन्हींच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. मुकुटावरून पन्नास वर्षांचा पट्टा कळतो, साल कळत नाही. मागच्या ‘गाँट, बर्मिंगहॅम’ या अक्षरांवरूनही नाही. गाँट काय, लंडनचे फर्मिन काय, सगळ्यांनाच बटणं पुरवायचे. नाव बनवणाऱ्याचं, घालणाऱ्याचं नव्हे.

ज्यांना स्वयंसेवक दलांचीच बटणं जमवायची आहेत त्यांनी १९४० पेक्षा १९१४ कडे वळावं, असं माझं मत. तेव्हा ब्रिटनमध्ये ‘व्हॉलंटिअर ट्रेनिंग कोअर’ निघाले. वयाने उलटलेली नाहीतर कामातून न सुटणारी माणसं, दंडावर ‘जी. आर.’, म्हणजे राजा जॉर्ज, लिहिलेली लाल पट्टी. सरकारने सुरुवातीला कपडे दिलेच नाहीत, गावागावाने वर्गणी काढून शिवले, त्यामुळे बिल्ले आणि बटणं ज्याची त्याची. तिथे एक बटण खरंच एका गावाचं नाव सांगू शकतं.

आपल्या भागात पाहायचं तर मिरजेकडे पाहा. १९२० पासून ‘ऑक्झिलरी फोर्स’ होती, गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन माणसांची अर्धवेळ फौज, आणि तिच्यात रेल्वेच्या पलटणी होत्या. मिरजेवरून जाणाऱ्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचीही रायफल्स पलटण होती. त्या बाजूने माझ्याकडे दहा बटणं आली, तर नऊ रेल्वेच्या गार्डाच्या नाहीतर तिकीट तपासनिसाच्या कोटाची निघतात. कंपनीची अक्षरं दिसली की लोक ‘रायफल्स’ म्हणून चौपट भाव सांगतात. मीही एकदा दिलेत. तेव्हा मलाही कुणी मुद्दाम फसवलं नव्हतं, विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आता घासण्याचं. यावर मी माघार घेणार नाही. मी ‘नको’ म्हणालो ते कडक वाटलं असेल, पण तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. चिंच आणि भांड्यांची पावडर, बरोबर ना? ढालीच्या दोन बाजूंना एक सिंह आणि एक एकशिंगी घोडा असतो. दुकानातून गेलं तेव्हा सिंहाच्या आयाळीचे केस भिंगाशिवाय दिसत होते. आता सिंहाच्या जागी बेडूक बसलाय, आणि अक्षरांच्या खाचेत पांढरी पावडर अडकलीय. काळसर थर म्हणजे मळ नव्हे, तो पितळाने ऐंशी वर्षांत अंगावर चढवलेला रंग. फक्त हिरवा कळंक असेल तर थेंबभर तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या काडीने हळू उचला. खाली नख लागता कामा नये.

‘नकली असणार’ असंही शेवटी लिहिलंय, त्यापुरतं सांगतो: नकली नाही. नकली बहुधा ओतीव असतं, एकसंध, अंगावर बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या. तुमच्या बटणाचा पुढचा पत्रा ठशात दाबलेला आहे आणि त्याची कड मागच्या तबकडीवर दुमडलेली आहे. कडेवरून नख फिरवा, सांधा लागेल.

पैशांचं असं: बटण आणा, ६५० पूर्ण परत. घासलं म्हणून एक रुपया कापणार नाही. ठेवायचं असेल तर साध्या बटणाचे ८० धरतो, ५७० घेऊन जा. त्याच कोटाची आणखी दोन बटणं त्याच चिठ्ठीने गेलीत, ती ज्यांच्याकडे आहेत त्यांनीही यावं, हाच हिशेब. उरलेल्या चारांवर आता ‘जनरल सर्व्हिस, राजाचा मुकुट, वाईकडच्या ट्रंकेतून’ एवढंच लिहिलंय.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी दहानंतर कधीही या, चहा माझ्याकडून. येईपर्यंत बटण पुन्हा घासू नका.