काय ब्लास्ट होता!

परवा भाची मैत्रिणीच्या साखरपुड्याहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "मावशी, काय ब्लास्ट होता!" मी दचकले. तिच्या लक्षातही आलं नाही. तिचा जन्म २००८चा.

आमच्या घरात हा शब्द तारखेसारखा वापरतात. ‘ब्लास्टच्या आधी’, ‘ब्लास्टनंतर’. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये अकरा मिनिटांत स्फोट झाले. बाबा माटुंग्याला अडकले होते. फोन लागत नव्हते, आई दारातच बसून होती. सासूबाईंसाठी ब्लास्ट म्हणजे १२ मार्च १९९३, शेअर बाजार आणि एअर इंडियाची इमारत. माझे आजोबा मात्र शेवटपर्यंत ‘गोदीतला स्फोट’ म्हणायचे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमधलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान परतलेच नाहीत.

इंग्रजीत ‘ब्लास्ट’ म्हणजे मुळात वाऱ्याचा झोत. म्हणूनच ब्लास्ट फर्नेसला मराठीत झोतभट्टी म्हणतात. भातावरच्या ब्लास्ट रोगाला आपला शेतकरी करपा म्हणतो. किती नेमके शब्द आहेत हे! ‘एक्सप्लोड’ तर लॅटिन नाट्यगृहातून आला, टाळ्या पिटून नटाला रंगमंचावरून हाकलणं हा त्याचा जुना अर्थ. शब्द फिरतात, मौजेचे होतात, याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आपल्या बातम्यांवर आहे. शेगडीजवळ गॅसचा नुसता भडका उडाला तरी पट्टीवर ‘ब्लास्ट’. मग गावाकडचे नातेवाईक घाबरून फोन करत सुटतात. भडका वेगळा, स्फोट वेगळा. कोंडलेला वायू किंवा दाब एकदम फुटून बाहेर पडला, तर तो स्फोट. आणि कुणा पुढाऱ्याने जुनीच गोष्ट पुन्हा सांगितली, की तो रोज संध्याकाळी ‘गौप्यस्फोट’.

‘स्फोट’ आपल्याकडे फुटण्याच्या धातूतून आला. वाचा फुटते, पालवी फुटते, तांबडं फुटतं, ती सगळी त्याचीच भावंडं. जुन्या व्याकरणकार भर्तृहरीने तर शब्द ऐकताच मनात अर्थ उमलतो, त्यालाच स्फोट म्हटलं. इतका जपलेला शब्द आपण कुठल्याही आवाजाला चिकटवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाचीला मी एवढंच म्हटलं, मजेला आपल्याकडे ‘धमाल’ आहे ना. मग बाबांची ती संध्याकाळ सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा घरी कसे आले?"

चालत. माटुंगा ते गोरेगाव. पावणेबाराला.