कासवाक मार्च एंड कळता काय?

संध्याकाळची देवगड गाडी गेली की तिठ्यावरचा कट्टा भरतो. कट्टा म्हणजे पिंपळाचा पार. एका अंगाला काकीची टपरी, दुसऱ्या अंगाला आमच्या किनाऱ्यावरची कासवं राखायच्या, कंपनीच्या अनुदानातल्या प्रकल्पाचा तो नवीन निळा फलक. फलकाबद्दल वेगळं सांगत नाही, सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलाय. कासव अंगठ्याएवढं, कंपनीचा लोगो ताटाएवढा.

त्या दिवशी पेटलं ते दिग्यामुळे. पहाटे तीनला किनारा चालून आलेला, दिवसभर कलमांवर चढून आंबे उतरवलेले, डोळे तारवटलेले. आल्या आल्या काकीला म्हणाला, "बॅटरीचे चार सेल दे. मांडून ठेव."

"उधार कित्याक?" काकीने गाळणं आपटलं. "अनुदान गावलां ना तुमका?"

"सेलना नाही गावलं."

"मगे कसल्याक गावलां?"

दिग्याने नुसती मान वळवून फलकाकडे बघितलं.

इथे आमचा बंड्या मध्ये पडला. बंड्या म्हणजे कंपनीचे पैसे गावापर्यंत आणणाऱ्या मधल्या संस्थेचा फील्ड कोऑर्डिनेटर. गळ्यात ओळखपत्र, तेही शर्टाच्या बाहेर. आंघोळीला जाताना तरी काढतो का, हे त्याच्या बायकोला विचारायचं राहिलंय. गेल्या वर्षापर्यंत आमच्यासारखंच बोलायचा, आता सासूलासुद्धा स्टेकहोल्डर म्हणतो. (सातवीत याने माझी नवी बॅट पहिल्याच दिवशी मोडली होती. तेव्हा यापुढचं वाचताना एवढं धरून चाला.)

"काकी, तसं नसतं ते," बंड्या म्हणाला. "सेल हे कन्झ्युमेबल. त्याला खर्चाचं हेड नाही. आणि मुलांचं पेट्रोल म्हणजे अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिनला पाच टक्क्यांची लिमिट आहे, कायदाच आहे तसा."

"आणि टी-शर्ट?"

"ती व्हिजिबिलिटी."

"दीडशे टी-शर्ट," दिग्या हळूच म्हणाला. "आम्ही किनाऱ्यावर जाणारे अकरा."

"रात्रीच्या काळोखात टी-शर्टान काय करूचां?" काकी म्हणाली. "कासवाक वळख पटाक व्हयी काय, हो आमच्या कंपनीचो म्हणान?"

पारावर हशा. तात्याचा चहा नाकात गेला. हसू ओसरेपर्यंत भाऊंनी चष्मा पुसून घेतला. भाऊ बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. भजी खाऊन झाली की खालचा कागद पुसून वाचणारा हा माणूस.

"बंड्या, ते पाच टक्के कोणाचे?" भाऊंनी विचारलं.

"सगळ्यांचे."

"कंपनीचे. ती स्वतःच्या ऑफिसात सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं, खातं चालवते, माणसं ठेवते, त्या खर्चाला ती मर्यादा. अमुक एका प्रकल्पाच्या अंमलबजावणीवर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत, असं नियमातच लिहिलंय. कासवं राखायच्या प्रकल्पात किनाऱ्यावर गस्त घालणं हा प्रकल्प नाही, तर काय?"

बंड्या म्हणाला, वरून तसंच सांगितलंय. वरून म्हणजे पुण्याहून. पुण्याला कोणी सांगितलं? मुंबईहून. मुंबईला कोणी सांगितलं, ते पारावर कोणालाच ठाऊक नव्हतं, बंड्यालाही नव्हतं. मला आपलं वाटतं, कुठल्या तरी एसीतल्या पोराने फाइल लवकर मिटावी म्हणून एक रकाना खोडला, आणि तो रकाना खाली घरंगळत येऊन आमच्या दिग्याच्या पेट्रोलच्या टाकीत पडला.

"मुळात फुकट कामाला पैसे कशाला?" दळवी गुरुजी म्हणाले. गुरुजी कोणत्याही विषयावर हे एक वाक्य म्हणतातच. "आमच्या वेळी श्रमदान होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, त्यात माती, आणि दिवाळीनंतर वहाळावर वनराई बंधारा. कोणी मानधन मागितलं नाही."

"गुरुजी, तुम्ही थंय शिट्टी मारी होतास," तात्या म्हणाला. "गोणी आमी उचललव."

गुरुजींनी ते ऐकलं नाही. त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

पण मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, आणि भाऊंनी तो उचलला. म्हणाले, एका दिवसाचं श्रमदान वेगळं आणि नोव्हेंबर ते मे रोज पहाटे तीनला उठणं वेगळं. कासवी येते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि मागे वळून न बघता निघून जाते. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी तिथे पोचायचं, अंडी सांभाळून उचलायची, हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीचा खड्डा खणून ठेवायची, तारखेची पाटी लावायची आणि पुढचे पन्नासेक दिवस राखण. यातलं एकही काम फोटोत नीट दिसत नाही. फोटोत दिसतं ते पिल्लू समुद्रात सोडणं. म्हणून पैसे पिल्लू सोडायला मिळतात.

"आणि ते पण 31 मार्चपर्यंत," दिग्या म्हणाला. "प्रकल्प क्लोज झाला. हॅचरीत अजून सहा घरटी आहेत."

हे मात्र मलाही नवीन होतं.

"म्हणजे आता पिल्लां भायर इली तर ती कोणाची?" तात्याने विचारलं.

बंड्याने घसा साफ केला. "रिपोर्टिंग पीरियडच्या बाहेरची."

काकीने स्टोव्ह बारीक केला. ती स्टोव्ह बारीक करते तेव्हा गिऱ्हाईकसुद्धा गप्प बसतं. "मेल्या, कासवाक मार्च एंड कळता काय रे? तां तेच्या येळेक येता. तुमच्या हापिसाच्या कॅलेंडरात बघून अंडी घालूक तां काय कंत्राटदार आसा?"

यावर बंड्याकडे उत्तर नव्हतं. भाऊंकडे होतं. म्हणाले, चालू प्रकल्प म्हणून आधीच नोंदवला असता, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता आली असती. कंपनी कायदा 2013 चा, मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर घालायची ही सक्ती 1 एप्रिल 2014 पासूनची, आणि ही सोय 2021 पासूनची. एवढ्या वर्षांत ती कोणाच्या कानावर गेली नाही?

"भाऊ, तुम्हीच का नाही घेत कोऑर्डिनेटरची पोस्ट?" बंड्या जरा तिखटात म्हणाला.

"ओळखपत्राची दोरी मानेला काचते."

आता बंड्याचीही एक बाजू सांगतो, नाहीतर त्याची आई मला गाठेल. दोन वर्षांपूर्वी हॅचरीला जुन्या जाळ्याचं ठिगळ होतं, कोल्ह्याने एका रात्रीत दोन घरटी खाल्ली, आणि दिग्या तेव्हा लहान पोरासारखा रडला होता. आज जी पक्की जाळी आहे, ती याच अनुदानातली. जिओटॅग केलेले फोटो चढवायला बंड्या रोज रात्री देवळाच्या टेकडीवर जातो, कारण गावात रेंज तिथेच. त्या चढणीचे पैसे त्यालाही कोणी देत नाही. हे तो स्वतः कधी सांगत नाही. त्यापेक्षा "आउटपुट" सांगतो, आणि मार खातो.

"फोटोची गजाल माका सांगा नको," तात्या उसळला. तात्या रापणीवाला, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा. 2018 पासून सरकारची योजना आहे, जाळ्यात कासव किंवा असला संरक्षित जीव सापडला आणि जाळं कापून सोडला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. "एका हातात सुरी, दुसऱ्या हातात कासव. मोबाईल काय दातांत धरू?"

"मग सोडलंत की नाही?"

"सोडलां. फोटो नाय, पैसे नाय. पण जाताना माझ्याकडे बघून गेलां."

"शिव्या देत असेल," गुरुजी म्हणाले. त्यांचा आयुष्यातला एकमेव विनोद, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. हे अनुदान थेट आपल्या ग्रामविकास मंडळाला का नाही आलं? पुण्याची संस्था मध्ये कशाला? मंडळ तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे.

पारावर शांतता. सगळे तात्याकडे बघायला लागले, आणि तात्या समुद्राकडे.

गोष्ट अशी की धर्मादायच्या दप्तरात मंडळाचे अध्यक्ष अजून तात्याचे वडील आहेत. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत कलम 22 चा बदल अर्ज टाकायचा असतो. टाकला होता. त्यावर हरकत घेतली गुरुजींनी, कारण सभेची नोटीस त्यांना पोचली नव्हती. नोटीस पोचली नव्हती, कारण ती द्यायला तात्या गेला होता आणि गुरुजींच्या कुत्र्याने त्याला कुंपणावरूनच परत पाठवला. ती फाइल तिथेच आहे. दप्तरातले अध्यक्ष जिवंत नाहीत, म्हणून पुढचे कागद नाहीत. सीएसआरची नोंदणी नाही, देणगीदाराला करसवलत देणारं 80जी नाही. कंपनी चेक देणार कोणाला?

"कुत्रो मेलो तेका पण धा वर्सां झाली," तात्या म्हणाला. "तरी हरकत जित्ती आसा."

"तत्त्वाचा प्रश्न होता," गुरुजी म्हणाले.

"तत्त्व चावला नाय, कुत्रो चावलो!"

यानंतर पाच मिनिटं कोणाला काही बोलता येईना. भाऊ तर डोळे पुसत होते.

हसणं थांबल्यावर भाऊंनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासवांचं काढलं. तिथे 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने काम सुरू केलं, आणि पुढे कासव महोत्सव आला तसे पाहुणे गावातल्या घराघरांत राहायला लागले. ताटामागे पैसा थेट घरात. कुठला निधी संपला म्हणून त्या घरातली चूल विझत नाही.

"लांब कित्याक जातास," काकी म्हणाली. "वेंगुर्ल्याक मांडवी खाडीत बायका होडयेतसून कांदळवन दाखवतत. बचत गटाच्यो. सुरवातीक भायरचे पैसे व्हये होते, इले. मगे वल्हवतत त्योच. आमच्या गटाची वही बघ. धा रुपये चुकले तर बैठकीतसून कोणाक उठाक देणव नाय. पैसो थोडो, पण खंय गेलो तो सगळ्यांका म्हायत."

"तेच तर! ओनरशिप!" बंड्या आनंदाने ओरडला.

"गप ऱ्हव. चांगला बोलला तर तेका पण टी-शर्ट घालतंस."

एवढ्यात दिग्याचा फोन वाजला. किनाऱ्यावरचा पोरगा होता. चार नंबरच्या घरट्यावरची वाळू खाली बसलीय. म्हणजे आतली पिल्लं हलायला लागली, आता तास-दोन तासांत वर येतील.

दिग्या उठला. गाडीला लाथ मारली, दुसरी मारली. टाकी कोरडी. बंड्याने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात कोंबलं आणि आपली गाडी वळवली. "बस मागे. हे रिपोर्टिंगच्या बाहेरचं आहे."

दिग्याने काकीच्या फळीवरचे चार सेल उचलले. मागोमाग तात्या निघाला, भाऊ निघाले, आणि गुरुजीसुद्धा, तात्याच्याच गाडीवर. बसताना दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

सहा चहा, दोन प्लेट भजी आणि चार सेल. वळणापर्यंत काकीचा आवाज येत होता.

"अरे मेल्यांनो, ह्यां खंयच्या हेडात घालू?"